दादाला ऐकू येणारं घड्याळ

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी लातूरला माझ्या स्वयंपाकघरात चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. रविवार म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, दत्तूदादाचा, घड्याळांना चावी द्यायचा दिवस. नांदेडच्या त्याच्या घरात त्या सकाळी कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, कुकर लावायचा नाही, फोन तर लांबच राहिला. त्यामुळे स्क्रीनवर वहिनींचं नाव दिसलं तसा हात न पुसताच मी फोन उचलला. "ताई, निघा तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "हे पडलेत घड्याळाच्या खोलीत. डोळे उघडे हायत, पण बोलून न्हाई राहिले..." त्यांच्या मागून घड्याळांची टिकटिक येत होती. माणसाच्या आवाजापेक्षा ती जास्त स्पष्ट ऐकू येत होती, आणि मला तिचा राग आला. शेंगदाणे कढईत तसेच करपले.

गाडीनं चाकूर ओलांडलं. तिथून आत आमचं गाव. एरवी त्या फाट्यावर मी हात जोडते, त्या दिवशी विसरले. पुढं अहमदपूर, मग लोहा. लोह्याजवळ श्रीकांतचा, दादाच्या मुलाचा, पुण्याहून फोन आला. तो नुसतं "आत्या..." म्हणाला आणि थांबला. मी गाडी चालवणाऱ्या माझ्या यजमानांना ती बाजूला घ्यायला सांगितली, खाली उतरले, आणि का कोण जाणे, पुन्हा लगेच गाडीत बसले. नांदेडला पोचलो तेव्हा दादाला दवाखान्यातून घरी आणलं होतं. ओसरीवर शेजारीपाजारी बसले होते आणि आतल्या खोलीत घड्याळं टोल देत होती. एकाचं झालं की दुसरं, दुसऱ्याचं झालं की तिसरं. सगळी एकदम वाजू नयेत, प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकता यावा, म्हणून दादानं त्यांचे काटे थोडे थोडे पुढंमागं लावले होते. घरात मढं पडलेलं, आणि आत ते टोल संपता संपेनात. एक म्हातारे गृहस्थ वैतागून म्हणाले, "कुणीतरी थांबवा रे ती." उठलं मात्र कुणी नाही.

आता काही आठवडे उलटले. भेटायला येणारे विचारतात, काय झालं हो असं एकदम? डॉक्टरांनी जे सांगितलं तेच मी सांगते. हृदयाचे ठोके बिघडले होते, त्यातून रक्ताची गाठ झाली, ती मेंदूत जाऊन अडकली. लोक मान हलवतात, चहा घेतात, जातात. पण एकदम असं काही झालंच नव्हतं. वर्षभर ते येताना दिसत होतं... दिसत कसलं, दादाला ऐकू येत होतं. आणि आम्ही सगळे, आमच्याहून जास्त तो स्वतः, ते भलत्याच ठिकाणी शोधत बसलो.

घड्याळाचं वेड त्याला कधी लागलं हे मला नेमकं ठाऊक आहे, कारण त्याचा त्रास मलाच झाला. गावी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एक गजराचं घड्याळ आणलं होतं. दादानं ते एका दुपारी खोललं आणि संध्याकाळपर्यंत जोडलंही. एक स्क्रू तेवढा उरला. घड्याळ चालायला लागलं, पण गजर मात्र त्याच्या मनाला येईल तेव्हा वाजायचा. अण्णा जेवत असताना एकदा तो बोंबलला. अण्णांनी हातातला घास खाली ठेवला, घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "आता कोंबडाच पाळावा लागंल." बस, एवढंच. दादाला मार बसला नाही म्हणून मी दिवसभर हिरमुसले होते. माझ्या हातून पाण्याचा तांब्या जरी कलंडला तरी घर डोक्यावर घेतलं जायचं, आणि या लाडक्यानं आख्खं घड्याळ बिघडवलं तर नुसता विनोद!

पुढं तो नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायला लागला आणि तिथंच घर केलं. पोरांना नद्या आणि पठारं शिकवायची, आणि घरी आलं की भिंतीवरची जुनी लंबकाची घड्याळं. ती गोळा करायची, ओळखायची, चार मोडक्यांतून एक धड बांधायचं. भंगारवाल्यांना त्यानं सांगून ठेवलं होतं, पण बहुतेक घड्याळं आपणहून चालत घरी आली. आपल्याकडं बंद पडलेलं घड्याळ घरात ठेवत नाहीत. अपशकुन मानतात. आणि आजोबापणजोबांच्या हातचं म्हणून फेकवतही नाही. मग लोक ते दादाला आणून द्यायचे. देगलूरहून, उदगीरहून, कुठून कुठून माणसं यायची, पोत्यात गुंडाळलेलं घड्याळ ओट्यावर ठेवायची आणि चहासुद्धा न घेता निघून जायची. पुष्कळदा घरातलं कुणी गेल्यावरच त्यांना ते घड्याळ आठवलेलं असायचं. वहिनी कपाळाला हात लावायच्या. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! लोकाची साडेसाती आपल्या भिंतीला," असं म्हणत म्हणत त्याच पोत्यावरची धूळ झटकून आत न्यायच्या.

घड्याळ ओळखायची त्याची पद्धत मोठी बघण्यासारखी होती. आधी तो बघायचाच नाही. डोळे मिटून टिकटिक ऐकायचा. मग पेटीचं दार उघडून टोल वाजवणाऱ्या तारेला नखानं टिचकी मारायचा. मग लंबक काढून हातात तोलायचा. सगळ्यात शेवटी तबकडी, कारण तबकडी कुणीही बदलतं, असं तो म्हणे. यंत्र एकीकडचं आणि पेटी दुसरीकडची निघाली की त्यासाठी त्याचा खास शब्द होता, सोयरीक. आमच्या नात्यात लातूरला एक लग्न होतं. तिथं लग्नघरचे यजमान दिवाणखान्यातलं भलंमोठं घड्याळ दाखवून सगळ्यांना सांगत होते की हे निजामाच्या दरबारातून आमच्या पणजोबांना मिळालं. दादानं डोळे मिटले, ऐकलं, हळूच आत डोकावून बघितलं. यंत्र जर्मन, पेटी इथल्याच सुताराच्या हातची सागवानी, तबकडी कधीतरी नव्यानं रंगवलेली. मी कोपरानं ढोसून विचारलं, काय रे? तर यजमानांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "लई नामी सोयरीक हाय." त्या गृहस्थांना वाटलं लग्नाचंच बोलतोय. खूश होऊन त्यांनी आम्हाला आग्रहानं आणखी जिलेबी वाढली.

पण त्याचा खरा कान होता तो चालीचा. लंबकाच्या घड्याळाची टिक आणि टॉक यांच्यात सारखं अंतर पाहिजे. पेटी भिंतीवर जराशी जरी तिरकी टांगली तरी एक पाऊल लांब आणि एक पाऊल आखूड पडतं. "लंगडून राहिलं," दादा म्हणायचा. कुणाच्याही घरी गेला की आधी पाणी नाही, आधी तिथलं घड्याळ. बोटानं पेटी केसभर सरकवायचा आणि मगच टेकायचा. अलीकडं तर देशभरच्या घड्याळवेड्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप झाला होता. लोक फोटो टाकायचे आणि दादाचं उत्तर ठरलेलं, "फोटो नको, आवाज पाठवा." मग कुठल्या कुठल्या गावच्या घड्याळांची टिकटिक त्याच्या फोनमधून ऐकू यायची. वहिनी म्हणायच्या, माझी सवत एक असती तर नावानं शिव्या तरी दिल्या असत्या.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास किनवटकडच्या एका बंद पडलेल्या वसतिगृहातून एक घड्याळ आलं. लांबुडकं, काळपट, काचेला आडवी चीर गेलेलं. जंगलातल्या गावांमधली मुलं त्याच्या टोलावर उठायची, जेवायची, झोपायची. वसतिगृह बंद झालं आणि ते तसंच रिकाम्या खोलीत लटकत राहिलं. आणणाऱ्यानं सांगितलं की आम्ही गेलो तेव्हा आत वटवाघळं होती. हे सांगायची काही गरज होती का? वहिनींनी ते ऐकलं आणि त्यांच्या मनात बसलं ते बसलंच. दादानं ते खोललं, धुतलं, तेल दिलं, लंबकाची तुटलेली पट्टी नवी घातली आणि भिंतीवर चढवलं. आणि त्यानंतर दोनचार दिवसांनीच त्याचा मला फोन आला. "सुमे, घरात एक घड्याळ लंगडून राहिलंय. कोणतं ते सापडंना."

मी हसले. ज्याला फोनवरून परक्या गावच्या घड्याळाची चाल कळते त्याला स्वतःच्या घरातलं सापडेना, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं म्हणून मी त्याची पुष्कळ टर उडवली. तोही हसला. पण आठवड्यानं त्याच्या बोलण्यातलं हसू गेलेलं होतं. आवाज रोज यायचा नाही. कधी सकाळी, कधी जिना चढून आल्यावर, कधी जेवून आडवं झालं की. दोन पावलं नीट, मग एक गाळलेलं, मग दोन घाईघाईत. असं घड्याळ त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. लंगडणारंसुद्धा एका ठेक्यात लंगडतं, याला ठेकाच नाही, असं तो म्हणायचा. पहिला संशय अर्थात किनवटवाल्यावर. ते उतरवलं, पुन्हा खोललं, सगळी चाकं भिंगाखालून काढली. काही दोष नाही. तरी वहिनींच्या समाधानासाठी ते शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. आवाज घरातच राहिला. वहिनी मला फोनवर दबक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, ते गेलं पण त्याचं काहीतरी मागं राहिलं बघा." मी त्यांना रागावले. मी शाळेत पोरांना विज्ञान शिकवलेली बाई, मी असल्या गोष्टी मानत नाही. पण फोन ठेवल्यावर उगाचच माझ्याही घरातल्या घड्याळाकडं बघितलं.

मग दादा एकेक करून सगळीच घड्याळं उघडायला लागला. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेलीसुद्धा. चालत्या घड्याळाला उगाच हात लावायचा नाही हे ज्यानं दहा जणांना बजावलं, तोच आता स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला. ग्रुपवर लोकांचे आवाज येत राहिले, यानं उत्तर देणं सोडलं. एकाला तर सपशेल चुकीचं सांगितलं. त्या माणसाला बिचाऱ्याला पटेना की हे दादांचं उत्तर आहे. दादाचा चेहराही ओढल्यासारखा झाला होता. दम लागतो का म्हणून विचारलं की म्हणायचा, "वय झालं, खामखा डोकं नको खाऊ." मे महिन्यात मी मुद्दाम नांदेडला गेले, वहिनींना जरा सोबत म्हणून.

त्या दुपारचं मला सगळं आठवतं. बाहेर असं ऊन की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. जेवणं झाली आणि लाइट गेली. कूलर थांबला, पंखा फिरत फिरत थांबला, शेजारचा टीव्ही थांबला. दादा खाटेवरून उठला आणि म्हणाला, "आत्ता सापडंल. आत्ता बाहेरचा काहीच आवाज न्हाई." त्याचा बेत साधा होता. एकेक घड्याळ थांबवायचं. ज्या घड्याळाबरोबर लंगडा आवाज थांबेल तेच चोर. वहिनी भांडी टाकून धावत आल्या. "सगळी नका बंद करू हो. घरात एक तरी चालू राहू द्या." तो म्हणाला, "सगळी कशाला? मधेच सापडंल की." आणि त्यानं पहिल्या घड्याळाचा लंबक दोन बोटांनी धरला.

एक थांबलं. त्यानं मान कलती करून ऐकलं, "हे न्हाई." दुसरं. "हे बी न्हाई." खोलीभर पसरलेली ती टिकटिक विरळ होत चालली. तिची मला इतकी सवय झाली होती की ती कमी होताना अंगावरचं पांघरूण कुणी ओढून घ्यावं तसं वाटलं. भिंत संपली, दुसरी भिंत सुरू झाली. वहिनींच्या ओठांवर कसलंसं स्तोत्र चाललं होतं. शेवटी देवघराच्या दारावरचं एकच राहिलं, त्यांच्या लग्नानंतर दादानं बांधलेलं पहिलं. वहिनी त्याच्या खाली जाऊन आडव्या उभ्या राहिल्या. दादानं त्यांच्या खांद्याला धरून हळूच बाजूला केलं, हात वर करून लंबक धरला, आणि घरातला शेवटचा आवाज गेला.

मला एक माशी ऐकू येत होती. दादा खोलीच्या मधोमध उभा होता, डोळे मिटून. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. "थांबला?" मी विचारलं.

"अजून चालू हाय," तो म्हणाला.

त्यानं उजवीकडं मान वळवली, डावीकडं वळवली. भिंतीला कान लावला. भिंतीपासून लांब झाला, दारात गेला, परत आला. आवाज कुठंही कमी होत नव्हता की वाढत नव्हता, तो जाईल तिकडं त्याच्याबरोबर जात होता. हे आम्हाला त्याच्या चेहऱ्यावरून कळत गेलं. मग त्यानं दोन बोटं आपल्या गळ्याला, जबड्याच्या खाली लावली. त्याचे ओठ हलत होते... टिक, टॉक, मग काही नाही, मग टिक टॉक टिक. वर्गात पोरांना सांगावं तशा शांत सुरात तो म्हणाला, "सुमे, हे भिंतीवरचं न्हाई गं." वहिनी एकदम हलल्या. त्यांनी देवघरावरच्या घड्याळाचा लंबक ढकलला, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. चालत्या वेळेचा काही हिशोब नाही, काटे कुठं आहेत ते बघणं नाही, नुसतं सगळ्यांना हलवत सुटल्या. ती घड्याळं मग दिवसभर अवेळी टोल देत राहिली आणि दादानं एकही दुरुस्त केलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतायत, म्हणाले. दोन गोळ्या दिल्या, एक ठोके सावरणारी, एक रक्त पातळ ठेवणारी. आणि दादाकडं नाही, वहिनींकडं बघून सांगितलं की या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. वहिनींनी ते व्रतासारखं घेतलं. सकाळी चहाच्या कपाबरोबर बशीत दोन गोळ्या, रोज, स्वतःच्या हातानं. महिन्याभरात आवाज कमी झाला, मग गेलाच. किनवटवालं घड्याळ शेडमधून परत भिंतीवर आलं. दादा पुन्हा ग्रुपवर बोलायला लागला. तत्पूर्वी त्यानं एक उद्योग केलाच होता. फोन छातीला लावून आपला आवाज टिपला आणि ग्रुपवर पाठवला, "ओळखा पाहू, कोणत्या बनावटीचं?" कुणाला ओळखता आलं नाही. एकानं लिहिलं, जुनं दिसतंय, तेल देऊन बघा. हा किस्सा त्यानं इतक्या जणांना सांगितला की वहिनींनी शेवटी हात जोडले.

आम्हाला वाटलं, टळलं. दिवाळीत भाऊबीजेला तो लातूरला आला. मी ओवाळलं, करंज्या पुढं ठेवल्या. खात होता, पण डावा हात सारखा गळ्याशी जात होता. दोन बोटं लावायची, काढायची. मी विचारलं, "आवाज गेला ना रे? मग तोंड असं का केलंस?"

"गेला," तो म्हणाला. हातातली करंजी ताटलीत ठेवली. "सुमे, खरं सांगू? ह्या शांततेची मला धास्ती वाटून राहिली. लंगडत का होईना, चालू हाय हे कळत तरी होतं. आता कानाला काहीच न्हाई. बंद घड्याळ बी असंच असतंय ना?"

"तू माझ्यासमोर बसून करंज्या हाणतोयस. म्हणजे चालूच आहे."

तो हसला. आणि करंजीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "कधी कधी येतो अजून. एखाद्या सकाळी. बरं वाटतंय मग." मी म्हटलं, आवाज येतो तर डॉक्टरांना सांग. तो म्हणाला, सांगतो. मग श्रीकांतच्या नोकरीचं बोलणं निघालं. जाताना गाडीत बसण्याआधी त्यानं माझ्या हॉलमधल्या घड्याळाची पेटी बोटानं केसभर सरकवली. त्याला मी शेवटचं पाहिलं ते असं, पाठमोरं, भिंतीकडं तोंड करून.

दादा गेला त्या सकाळी त्यानं चावी द्यायला सुरुवात केली होती. कुठवर आला होता ते पुढच्या दिवसांत आपोआप कळलं. ती आठवड्याला एकदा चावी द्यायची घड्याळं. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नव्हता ती लवकरच थांबली. ज्यांना चावी मिळाली होती ती सुतकात चालत राहिली आणि मग एकेक करून गप्प झाली. दिवसभर कुणी ना कुणी भेटायला असायचं, बोलता बोलता कुणाच्या तरी लक्षात यायचं की अरे, हे थांबलं वाटतं. शेवटचं कधी थांबलं ते मात्र कुणालाच सांगता आलं नाही. नात्यातल्या एका काकूंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की ती घड्याळंच नडली, मेलेल्या घरांतली पनवती जमवली की दुसरं काय होणार. मी चांगलीच फटकारणार होते, पण वहिनींकडं बघितलं आणि राहू दिलं. त्यांना हे ऐकूच येत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना उभ्या उभ्या एक प्रश्न विचारला होता, गोळ्या मधे बंद केल्या होत्या का? वहिनी त्या प्रश्नातून बाहेरच आल्या नव्हत्या.

"मी माझ्या हातानं देत होते," त्या येईल त्याला सांगायच्या. गोळ्यांची रिकामी पाकिटं त्यांनी एका पिशवीत भरून ठेवली होती. ती पिशवी आणून माणसांपुढं उपडी करायच्या. "हे बघा. एक बी न्हाई चुकवली." माणसं बिचारी हो हो म्हणायची. श्रीकांतनं जवळ घेऊन समजावलं, डॉक्टर सगळ्यांनाच विचारतात आई. त्या मान डोलवायच्या आणि थोड्या वेळानं मलाच विचारायच्या, "ताई, एखाद्या दिवशी बशीत एकच तर ठेवली नसंल मी? पाहुणे होते त्या दिवशी?" रडल्या मात्र नाहीत. बाईमाणूस आणि डोळ्याला पाणी नाही, हेही लोकांनी बोलून घेतलं.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. श्रीकांत पुण्याला परतला होता, घर सुनं पडलं होतं. वहिनी आणि मी घड्याळांच्या खोलीत गेलो. त्याची खुर्ची, खिडकीतली बिनपाण्याची तुळस, भिंतीभर वेगवेगळ्या वेळा दाखवणाऱ्या तबकड्या. वहिनी म्हणाल्या, "ह्यांना असं नसतं चाललं. तुम्ही चावी द्या ताई, मला न्हाई येत." मी दाराशेजारच्या घड्याळापासून सुरुवात केली. पेटीचं दार उघडलं. लंबकाच्या खाली, तळाशी, घड्याळ पुसायचं पिवळं फडकं घडी करून ठेवलेलं होतं. चावी त्याच्याखाली असेल म्हणून उचललं तर ते जड लागलं. उलगडलं. आत गोळ्या होत्या. पांढऱ्या आणि गुलाबी, दोन्ही. काही ताज्या, काही जुन्या, रंग उडालेल्या, कडा झिजलेल्या. रोजच्या नव्हत्या, एवढं बघताक्षणी कळत होतं. पण पुष्कळ सकाळींच्या होत्या.

वहिनी माझ्या मागंच उभ्या होत्या, लपवायला जागाच नव्हती. त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. "चहा अन् बशी घेऊन ते इथं यायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, माझी घड्याळं बघत बघत घेतो..." मी मग भाऊबीजेचं सगळं सांगितलं. ती शांतता, तिची त्याला वाटणारी धास्ती, आणि एखाद्या सकाळी आवाज आला की बरं वाटतं ते. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तरी सुटल्या. त्यांच्या हातून काही चुकलं नव्हतं, गोळ्या समोरच होत्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, संताप होता. इतक्या वर्षांत त्या दादावर चिडलेल्या मी कितीदा पाहिल्या होत्या, असा संताप पाहिला नव्हता.

"येवढंच ऐकायचं होतं तर मला सांगायचं न्हाई का?" त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून ओरडल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "मी लावला असता की कान. रोज सकाळी छातीला कान लावून सांगितलं असतं, चालू हाय म्हणून... चालू हाय म्हणून..."